पहिल्या हुकमाची मुखत्यारी

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात केळना नदीच्या काठाने किंवा राजूरच्या रस्त्याने कोणत्याही शिवारात शिरावे, तर विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत आता केवळ स्टार्टर आणि फ्यूज आढळत नाहीत. मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारे एखादे कार्ड तेथे असते, सौरपंप असेल तर पॅनेलच्या खांबाला बांधलेला कंट्रोलर असतो, आणि मंडळाच्या गावी पाऊस मोजून तो परस्पर दूरच्या दप्तरी नोंदवणारे स्वयंचलित हवामान केंद्रही उभे असते. या प्रत्येक साधनाच्या पोटात एक चिप आहे, आणि वीज येताच ती चिप बाकी सर्व कामाआधी जो प्रोग्राम चालवते, त्याला बूटलोडर म्हणतात. तो कोणता निवडावा आणि आपल्या बोर्डावर कसा उतरवावा, हा प्रश्न पुण्या-बंगळूरच्या अभियंत्यांच्या टेबलावरचा एक किरकोळ तपशील समजला जातो. मला तो तसा वाटत नाही. शेतात उभ्या असलेल्या यंत्राचा ताबा शेतकऱ्याकडे असला, तरी त्याची मुखत्यारी त्या पहिल्या हुकमाजवळ असते. आणि म्हणून बूटलोडर निवडताना तो किती झटपट चालतो, किंवा चिपच्या कारखानदाराने तो फुकट दिला आहे की नाही, यापेक्षा दहा वर्षांनी भोकरदनच्या बाजारपेठेतील कारागिराला तो पुन्हा भरता येईल की नाही, ही कसोटी सर्वांत वर असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वीज आली त्या क्षणी चिपपाशी फार थोडे सामर्थ्य असते. बाहेरची मुख्य मेमरी बोर्डावर बसवलेली असली, तरी ती कोणत्या गतीने आणि किती विलंब धरून चालवायची याचे आकडे अद्याप कोणी भरलेले नसल्यामुळे ती वापरता येत नाही. घड्याळ मंद असते. कोणत्या पिनेवर काय जोडले आहे याचाही पत्ता नसतो. कारखान्यातच कोरलेला एक लहानसा रॉम-प्रोग्राम तेवढा जागा होतो, ठरलेल्या क्रमाने एसडी कार्ड, फ्लॅश, सिरियल तार यांच्याकडे पाहतो, आणि जेथे योग्य खूण सापडेल तेथून काही किलोबाईटांचा एक तुकडा चिपच्या आतल्या इवल्याशा मेमरीत आणून त्याच्या हवाली सर्व कारभार करतो. तो तुकडा मुख्य मेमरी जागी करतो, मग मोठा बूटलोडर तेथे आणतो, आणि तो मोठा बूटलोडर शेवटी लिनक्सला किंवा पंपाच्या प्रोग्रामला पुढे करतो. ज्याने फूटव्हॉल्व्ह गळणाऱ्या पंपावर बादलीने पाणी ओतून मग मोटार सुरू केली आहे, त्याला या पायऱ्यांचे प्रयोजन समजावून सांगावे लागणार नाही; पाणी उपसणाऱ्यालाच आधी पाणी पाजावे लागते.

या अडचणीचे एक अत्यंत देखणे उत्तर महाराष्ट्राने जवळून पाहिलेले आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा त्याच्या पायाशी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्यूटर ही चिप होती. या चिपची एक विशिष्ट पिन खाली ओढून ठेवली, की ती स्वतःच्या रॉमकडे न पाहता आपल्या चार दुव्यांपैकी ज्यावर प्रथम काही येईल त्याची वाट पाहत बसे. पहिला बाईट शून्य असेल, तर पुढे येणाऱ्या पत्त्यावर पुढचा शब्द लिहायचा; एक असेल, तर पत्त्यावरचा शब्द वाचून परत पाठवायचा; आणि एकाहून मोठा असेल, तर तितके बाईट मेमरीत उतरवून घेऊन तेथूनच चालू लागायचे. एवढाच नियम, आणि तो चिपच्या पुस्तिकेत सर्वांसाठी छापलेला. कितीही मोठी चिपांची रांग असली, तरी एका टोकाला एक तार जोडून शेजाऱ्याकरवी शेजारी जागा करता येत असे, आणि कोऱ्या चिपला बाहेरून वाचवण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसे. चांगल्या बूटलोडरचे जे दोन गुण मी पुढे पुन्हा पुन्हा मागणार आहे, म्हणजे समजण्याइतका लहानपणा आणि बाहेरून हात देण्याची सोय, ते दोन्ही येथे शुद्ध स्वरूपात दिसतात.

आज निवडीसाठी उपलब्ध असलेला संसार बराच मोठा आहे. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी पॉवरपीसी चिपांसाठी २००० मध्ये पीपीसीबूट नावाने जे काम उघड्यावर मांडले, त्याला २००२ मध्ये यू-बूट हे नाव मिळाले, आणि आज एम्बेडेड लिनक्सच्या बोर्डांवर सर्वांत जास्त तोच आढळतो. त्याच्याच कुळातून बेअरबॉक्स निघाला. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत १९९९ मध्ये सुरू झालेला कोअरबूट मुख्यतः पीसीच्या घराण्याचा. तो आपल्या विषयात क्वचितच येतो. लहान मायक्रोकंट्रोलरसाठी एमसीयूबूट आहे. बेअरबॉक्सची अंतर्गत रचना मला यू-बूटपेक्षा नीटस वाटते, आणि केवळ कारागिरीवर निर्णय करायचा असता तर मी त्याच्याच बाजूने कौल दिला असता. परंतु ज्या साधनाची दुरुस्ती जालन्यात किंवा भोकरदनात व्हायची आहे, त्याच्यासाठी ज्या बूटलोडरच्या आज्ञा अधिक लोकांना तोंडपाठ आहेत आणि ज्याच्या अडचणींची उत्तरे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली आहेत, तोच श्रेयस्कर होय. म्हणून लिनक्स चालवणाऱ्या बोर्डासाठी यू-बूट. मोबाईल स्टार्टरसारख्या लहान कार्डाला मात्र यापैकी एवढे अवजड काहीच लागत नाही. तेथे एसटीएम३२ जातीची चिप असेल, तर बूट-झिरो नावाची पिन वर ओढून वीज दिली की कारखान्याचाच बूटलोडर जागा होतो आणि सिरियल तारेवरून नवा प्रोग्राम घेतो. त्याच्या जोडीला एमसीयूबूट ठेवला म्हणजे तरतूद पुरी झाली. स्वतःचा बूटलोडर स्वतःच लिहिण्याचा मोह तरुण अभियंत्याला होतो, आणि शिक्षण म्हणून तो उत्तमही आहे. पण विकायच्या मालात तो घालणे म्हणजे त्या एका माणसाच्या नोकरी सोडण्यावर शेकडो विहिरींचे पाणी टांगून ठेवणे होय.

निवड झाली की पोर्टिंगचे, म्हणजे तो बूटलोडर आपल्या बोर्डावर उतरवण्याचे, काम येते, आणि ते बाहेरून दिसते त्याहून निराळे असते. टेबलावर नवा बोर्ड आहे. ग्राउंड, पाठवण्याची आणि घेण्याची अशा तीन तारा त्याला लावल्या आहेत. त्यांचे दुसरे टोक संगणकाच्या यूएसबीत आहे आणि पडद्यावरची खिडकी १,१५,२०० बॉडच्या गतीवर उघडी आहे. वीज दिली, तरी तीत एक अक्षरही उमटत नाही. चिप अडली कोठे हे सांगायला तिला वाचाच नाही, म्हणून पहिल्या टप्प्याच्या कोडमध्ये एका पिनेवरचा दिवा पेटवणारी ओळ घालायची, तो पेटला तर ती ओळ थोडी पुढे सरकवायची, आणि अशा रीतीने अंधारात भिंत चाचपत सिरियल पोर्टाच्या घड्याळापर्यंत पोहोचायचे. एकदा पहिले अक्षर उमटले की अर्धी लढाई सरली, असे या धंद्यातले लोक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण उरलेली अर्धी मेमरीच्या आकड्यांची असते आणि ती अधिक फसवी असते. डीडीआर३ मेमरीला आपल्यातील मजकूर टिकवण्यासाठी सरासरी ७.८ मायक्रोसेकंदांनी एकदा उजाळा द्यावा लागतो, आणि चिपच्या आवरणाचे तापमान ८५ अंशांवर गेले की तोच ३.९ मायक्रोसेकंदांनी द्यावा लागतो. वातानुकूलित खोलीत दिवसभर निर्वेध चाललेला बोर्ड मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत दुपारी दोनला का गोंधळतो, याचे कारण पुष्कळदा अशाच एखाद्या आकड्यात दडलेले असते. मराठवाड्याच्या शेतासाठी बोर्ड पोर्ट करणाऱ्याने मेमरीची चाचणी तापवलेल्या पेटीत घेतली नसेल, तर त्याचे पोर्टिंग पुरे झाले असे मी मानणार नाही.

चिपचे कारखानदार बोर्डासोबत स्वतःची एक यू-बूटची प्रत देतात, जी बहुधा कित्येक वर्षे जुन्या आवृत्तीवरून फाडून घेतलेली असते आणि जीत त्यांच्या माणसांनी घाईघाईने भर घातलेली असते. ती लगेच चालते. माल बाजारात आणण्याची मुदत जवळ आलेली असते. अशा वेळी अभियंता ती तशीच उचलतो, आणि त्या क्षणी तो बोर्ड सार्वजनिक प्रवाहापासून कायमचा तुटतो. पुढे मूळ यू-बूटमध्ये सुरक्षिततेचा एखादा दोष दुरुस्त झाला, तरी ती दुरुस्ती या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. आपले पोर्टिंग मूळ प्रकल्पाला सादर करावे, तेथील सांभाळकर्त्यांची टीका सोसावी, मागितलेल्या दुरुस्त्या कराव्या आणि ते काम मुख्य प्रवाहात दाखल करून घ्यावे, हा मार्ग लांबचा असला तरी तोच टिकाऊ आहे. पूर्वीच्या मानाने तो सोपाही झाला आहे. एआरएम चिपांच्या बोर्डागणिक वेगळे कोड लिहिण्याच्या प्रथेने लिनक्समध्ये इतकी बजबजपुरी माजवली, की २०११ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी त्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला, आणि त्यानंतर बोर्डाचे वर्णन प्रोग्राममधून काढून डिव्हाइस ट्री नावाच्या स्वतंत्र दस्तऐवजात लिहिण्याची पद्धत रूढ झाली. यू-बूटनेही तीच स्वीकारली. ओळखीच्या चिपवरचा नवा बोर्ड आज पुष्कळ अंशी या एका दस्तऐवजानेच उभा राहतो.

पोर्टिंग एकदा करून सोडून देण्याजोगे काम नाही, याचा पुरावा घराजवळच आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या चमूने अजित हा प्रक्रियक घडवला आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तो १८० नॅनोमीटरच्या तंत्राने सिलिकॉनवर उतरवला, याची वार्ता २०१९ मध्ये आपण अभिमानाने वाचली. त्याची आज्ञावली स्पार्क व्ही-८ या जुन्या, खुल्या मानकाची आहे. परंतु त्याआधी दोनच वर्षे, २०१७ मध्ये, यू-बूटमधून स्पार्कचा आधार काढून टाकण्यात आला होता, कारण तो सांभाळणारा कोणी उरला नव्हता. ज्या दालनात हा देशी प्रक्रियक सहज जाऊन बसला असता, ते दालनच देखभालीअभावी बंद झाले. मूळ प्रवाहात काम दाखल करणे आणि दाखल झालेल्या कामाशेजारी माणूस उभा ठेवणे, या दोन्ही जबाबदाऱ्या आपल्या विद्यापीठांनी घ्यायला हव्यात, असे म्हणताना मला भोकरदनच्या जुन्या इतिहासाची आठवण होते. सातवाहनकाळी हे गाव भोगवर्धन नावाने प्रसिद्ध होते, १९७३ च्या उत्खननात येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीचे पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे दूर सांचीच्या स्तूपावर दात्यांच्या लेखांत कोरलेली आहेत. दूरदेशीच्या सामायिक वास्तूत आपला वाटा आपल्या नावानिशी घालणे या गावाला परके नव्हते. यू-बूटच्या इतिहासातही प्रत्येक बदलाखाली तो करणाऱ्याचे नाव राहते. त्यांत जालना जिल्ह्यातून लिहिणाऱ्यांची नावे यावीत, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही.

आता निवडीच्या प्रश्नाचा खरा कस जेथे लागतो, त्या शेताकडे येतो. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, कित्येक आठवडे ती रात्रीचीच असते, आणि म्हणूनच लोक ऑटो लावून झोपतात किंवा मोबाईलवरून मोटार चालवतात; पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे नॅनो गणेश लोकांना भावले ते याच गरजेमुळे. अशा ठिकाणी कंपनीने दूरवरून नवा प्रोग्राम पाठवला, तर तो घेण्याची वेळ वीज येण्याच्या वेळेशी जुळते, आणि तो फ्लॅशमध्ये लिहिला जात असतानाच डीपीवरचा फ्यूज उडाला, तर जुना प्रोग्राम पुसलेला आणि नवा अर्धवट अशी अवस्था होते. शहरात हा अपवाद असेल. येथे तो नियम धरूनच रचना केली पाहिजे. प्रोग्रामच्या दोन प्रती ठेवाव्यात, नवी प्रत नेहमी मोकळ्या जागी लिहावी, आणि ती धड चालली नाही तर बूटलोडरने आपण होऊन जुनीकडे परतावे, ही सोय यू-बूटमध्ये सुरुवातीचे प्रयत्न मोजणाऱ्या गणकाच्या रूपाने आहे आणि एमसीयूबूटमध्येही आहे. तेथे नव्या प्रोग्रामने स्वतःची कबुली नोंदवली नाही, तर पुढच्या वेळी जुनाच परत येतो. मात्र ही कबुली केव्हा नोंदवावी हे बूटलोडर ठरवत नाही. ते पोर्ट करणाऱ्याच्या विवेकावर आहे. प्रोग्राम सुरू झाला एवढ्यावर कबुली देणे मला मान्य नाही. तिन्ही फेज वाचून झाले, कॉन्टॅक्टर ओढला, मोटारीने प्रवाह घेतला आणि नेटवर्कवर निरोप गेला, एवढे सिद्ध झाल्यावरच ती दिली जावी.

असे न केल्याचा परिणाम भोकरदनच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत पाहायला मिळतो. शेतकरी कार्ड फडक्यात गुंडाळून आणतो. कारागीर त्याला वीज देतो. लाल दिवा लागतो, नेटवर्कचा हिरवा लागत नाही. "मोटारीला काही झालं नाही काका, कार्ड गेलंय, कंपनीकडं पाठवावं लागल," असे तो सांगतो, आणि ऐन पाण्याच्या पाळीत पीक उभे असताना कार्ड कुरियरने निघते. वस्तुतः त्या कार्डावरचा एकही भाग जळालेला नसतो. अर्धवट लिहिलेली फ्लॅश एवढाच काय तो बिघाड. हा कारागीर स्टेटरचे स्लॉट मोजून, तारेचा गेज पारखून, जळालेली वाइंडिंग जशीच्या तशी पुन्हा भरणारा माणूस आहे. एक जंपर लावून, तीन तारा जोडून, मोबाईल किंवा लॅपटॉपवरून फाईल भरणे त्याला मुळीच अवघड नाही. त्याला अडवते ते एवढेच, की पिनांवर नावे छापलेली नसतात, फाईल मिळत नाही, आणि कधी कधी कंपनीने ते दार कायमचे बुजवून टाकलेले असते. एसटीएम३२ च्या कित्येक चिपांत वाचनबंदीची दुसरी पायरी लावली, की कारखान्याच्या बूटलोडरची वाटही बंद होते आणि ती पुन्हा कोणालाही उघडता येत नाही.

हे दार उघडे ठेवावे, या मागणीवर जो आक्षेप घेतला जातो, तो हलका नाही. दूरवरून चालणारे हजारो पंप जर एखाद्या दुष्टाच्या हाती गेले आणि त्याने ते एकाच क्षणी चालू किंवा बंद केले, तर उपकेंद्रे कोलमडतील. म्हणून कंपनीची सही असल्याशिवाय कोणताही प्रोग्राम चालू नये आणि सहीची किल्ली कंपनीजवळच असावी, असे सुरक्षिततेचे पक्षपाती म्हणतात. सहीच्या गरजेबद्दल मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. यू-बूटमध्ये आणि एमसीयूबूटमध्ये सही तपासण्याची व्यवस्था आहे आणि नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ती सक्तीची असलीच पाहिजे. पण नेटवर्कवरून येणारा अनोळखी आणि पेटीचे कुलूप उघडून हातात जंपर घेऊन उभा राहिलेला मालक, या दोघांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. एका विहिरीवर जाऊन एक पंप बिघडवता येईल, हा धोका तर स्टार्टरच्या तारा कापणाऱ्यापासूनही आहेच. हजारो पंपांचा धोका केवळ दूरच्या वाटेने येतो, आणि कुलूप त्या वाटेला हवे. ज्या यंत्रात कोणालाही बदल करता येऊ नये अशीच लोकेच्छा असते, उदाहरणार्थ एकदाच प्रोग्राम भरता येणाऱ्या चिपांवर चालणारे मतदान यंत्र, त्याचा न्याय निराळा. पंप हे तसे यंत्र नव्हे.

शिवाय किल्ली कंपनीजवळ राहील, असे म्हणताना कंपनी राहील हे गृहीत धरलेले असते. पीएम-कुसुम योजनेत सौरपंपाच्या देखभालीची हमी पाच वर्षांची, आणि पॅनेलच्या कार्यक्षमतेची पंचवीस वर्षांची. सहाव्या वर्षी कंपनीचा करार संपतो, कदाचित कंपनीही. पॅनेल मात्र आणखी वीस वर्षे ऊन पीत उभे असतात, आणि त्यांचा कंट्रोलर एका हरवलेल्या किल्लीच्या सहीसाठी अडून बसतो. यू-बूट ज्या परवान्याखाली दिला जातो, त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार यंत्र घेणाऱ्याला त्यातल्या यू-बूटचे मूळ कोड मागण्याचा हक्क आहे; परंतु सहीची किल्ली देण्याचे बंधन त्या आवृत्तीत नाही, आणि २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला तरी यू-बूट आणि लिनक्स दुसरीवरच राहिले. तेव्हा परवान्यावर भिस्त ठेवून भागणार नाही. तंत्राची मात्र आडकाठी नाही: ईएसपी३२ च्या नंतरच्या पिढ्यांत तीन सार्वजनिक किल्ल्यांची जागा असते, आणि त्यांतील एक जागा कंपनीबाहेरच्या विश्वस्ताच्या किल्लीसाठी राखून ठेवणे सहज शक्य आहे.

जे पंप सरकारी अनुदानाने बसतात, ज्यांत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा केवळ दहा टक्के असून बाकीचा पैसा जनतेचा असतो, त्यांच्या निविदेतच या अटी घालता येतात, आणि घातल्या पाहिजेत. कंट्रोलरचा बूटलोडर खुल्या परवान्याचा असावा. त्याचे पोर्टिंग शक्य तेथे मूळ प्रकल्पात दाखल केलेले असावे. चालू प्रोग्रामची सहीबंद प्रत आणि विश्वस्ताची किल्ली जिल्ह्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात ठेवीदाखल असावी. आणि कारखान्याच्या बूटलोडरची वाट कायमची बुजवणारा माल नापास करावा. तालुक्याच्या आयटीआयत वायरमनच्या मुलांना मेगर कसा धरायचा हे जसे शिकवतात, तसेच सिरियल तार कोठे लावायची हेही शिकवता येईल. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून वायरिंगचा नकाशा चिकटवण्याची पद्धत जुनीच आहे. त्याच कागदावर खाली आणखी दोन ओळी मराठीत छापाव्यात, की जंपर येथे लावा, ग्राउंड, पाठवणारी आणि घेणारी तार या पिनांवर जोडा, दाब ३.३ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका, आणि प्रोग्रामची फाईल जालन्याच्या तंत्रनिकेतनातून विनामूल्य मिळेल.